पीआरके / लॅसिकनंतर कॉर्नियावर येणारा धुरकटपणा: कधी थांबायचं, कधी धावायचं

पारपटल (धागाकर्ता)

लेसरने (पीआरके किंवा लॅसिकने) नंबर काढल्यावर "धुरकट दिसतंय" ही तक्रार दुसऱ्या दिवशी आली, दुसऱ्या आठवड्यात आली आणि चौथ्या महिन्यात आली, तर ती बहुधा तीन निरनिराळी दुखणी असतात. पहिल्यात स्टेरॉईडचे थेंब तासातासाला घालावे लागतात, दुसऱ्यात तेच थेंब ताबडतोब थांबवावे लागतात, तिसऱ्यात ते महिनोनमहिने चालू ठेवावे लागतात. नेटवर मात्र सगळ्याला सरसकट "हेझ" म्हणतात आणि "आपोआप जातो" म्हणून मोकळे होतात. म्हणून हा धागा.

आधी पीआरके, कारण खरा हेझ तिथला. पीआरकेमध्ये कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं, सर्वांत वरचं आवरण (एपिथेलियम), साधारण ५० मायक्रॉनचं, काढून टाकतात: २० टक्के अल्कोहोल वीसेक सेकंद ठेवून, ब्रशने किंवा थेट लेसरने. मग १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर बोमनचा थर आणि त्याखालचा स्ट्रोमा, म्हणजे कॉर्नियाचा मुख्य जाड थर, घासतो. एपिथेलियम तीन ते पाच दिवसांत परत येतं. बोमनचा थर कधीच परत येत नाही. आणि एपिथेलियमच्या तळाशी जो पायापडदा असतो, तो नीट जुळायला बराच जास्त वेळ लागतो. सगळी गोम या पडद्यात आहे. तो अर्धवट असेपर्यंत एपिथेलियममधून आणि अश्रूंमधून टीजीएफ-बीटा हा पेशींना चिथावणारा पदार्थ खाली झिरपत राहतो. त्याच्या चिथावणीने स्ट्रोमातल्या केरॅटोसाइट पेशींचं मायोफायब्रोब्लास्टमध्ये, म्हणजे चट्टा घडवणाऱ्या पेशींमध्ये, रूपांतर होतं. शांत केरॅटोसाइटमध्ये क्रिस्टलिन प्रथिनं असतात, त्यामुळे ती पेशी प्रकाशाला जवळपास दिसतच नाही. मायोफायब्रोब्लास्टमध्ये ती कमी पडतात, म्हणून ती प्रकाश विखुरते. शिवाय ती आजूबाजूला वेडंवाकडं कोलॅजेन टाकत सुटते. स्ट्रोमा पारदर्शक असतो तो तिथले तंतू सारख्या जाडीचे आणि सारख्या अंतरावर असतात म्हणून. नवा माल ती शिस्त पाळत नाही.

वेळापत्रक असं. फिकट, जाळीसारखा हेझ पहिल्या-दुसऱ्या महिन्यात दिसू लागतो, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि वर्षभरात विरतो. पेशंटला तो बहुतेक वेळा जाणवतही नाही. त्रास देतो तो उशिरा येणारा. तीन-चार महिने सगळं झकास, आणि मग दृष्टी उतरायला लागते, सोबत थोडा मायनस नंबर परत येतो. याची वाट बघत बसायची नसते.

कुतूहल

उत्तम सुरुवात. एक शंका: स्ट्रोमा तर लॅसिकमध्येही घासला जातो. मग तिथे हा प्रकार का होत नाही?

पारपटल

कारण मध्यभागी एपिथेलियम, त्याचा पायापडदा आणि बोमनचा थर जागच्या जागी राहतात. वरचा पातळ पापुद्रा (फ्लॅप) कापून उचलला, खाली लेसर मारला, फ्लॅप परत बसवला. वरून खाली झिरपायला वाट राहते ती फक्त फ्लॅपच्या कडेला, आणि तिथे बघा, बारीक पांढरी गोल रेघ उमटतेच. वर्षांनंतर फ्लॅप उचलायची वेळ आली तर सर्जन तीच रेघ शोधतो. फ्लॅपला मध्येच छिद्र पडलं किंवा फ्लॅप फार पातळ निघाला, तर लॅसिकच्या डोळ्यातही मध्यभागी हेझ येतो. कारण तेच.

स्माइलमध्येही (फ्लॅप न उचलता छोट्या चिरेतून स्ट्रोमातली पातळ चकती काढतात ती पद्धत) एपिथेलियम शाबूत असतं. तिथे ही चकती (लेंटिक्यूल) काढलेल्या पातळीवर सुरुवातीला जो धुरकटपणा दिसतो, तो लेसरची ऊर्जा आणि थर सोडवताना झालेली ओढाताण यांचा असतो. काही आठवड्यांत तो ओसरतो. मात्र स्माइलनंतर उरलेला नंबर पीआरकेने काढायचा ठरला तर तो डोळा हेझच्या दृष्टीने जोखमीचा धरावा.

ऑप्टोम_सांगली

तपासणीबद्दल लिहितो, कारण निम्मा गोंधळ तिथे होतो.

समोरून अरुंद झोत टाकला तर फिकट हेझ निसटतो. स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा, झोत रुंद करून ४५ अंशांच्या आसपास तिरपा टाकायचा, खोलीत अंधार. दुसरी युक्ती म्हणजे झोत कॉर्नियावर न टाकता कडेला, तो डोळ्याच्या पांढऱ्या भागाला मिळतो त्या लिंबसवर टाकायचा. प्रकाश आतल्या आत कॉर्नियातून पसरतो आणि जिथे डाग असेल तिथे तो करड्या ढगासारखा उजळतो. बाहुली मोठी करायचे थेंब त्याआधी घालू नयेत, कारण प्रत ठरवताना आयरिसच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, रेषा लागतात.

प्रत फँटसच्या पद्धतीने लिहितात. ० म्हणजे स्वच्छ. ०.५ म्हणजे तिरप्या उजेडात निरखून पाहिलं तरच दिसतो. १ म्हणजे सहज दिसतो, पण मागच्या आयरिसच्या बारीक रेषा स्पष्ट. २ ला त्या रेषा किंचित पुसट होतात. ३ ला आयरिस आणि भिंग दोन्ही झाकोळतात. ४ ला घासलेल्या भागातून मागचं काही दिसत नाही. ०.५ आणि १ मधला फरक दोन तपासणाऱ्यांमध्ये हमखास वेगळा येतो, म्हणून शक्य तिथे यंत्राचं मोजमाप सोबत ठेवा. पेंटाकॅम या कॉर्नियाच्या स्कॅनरची डेन्सिटोमेट्री ० ते १०० च्या मापात विखुरलेला प्रकाश सांगते. तिथे पुढच्या १२० मायक्रॉनचा थर आणि मधलं ० ते २ आणि २ ते ६ मिलिमीटरचं वर्तुळ एवढंच बघायचं. पूर्ण कॉर्नियाची सरासरी काढली की फरक दिसेनासा होतो. आकडा एकटा घेऊ नका, त्याच यंत्रावरचा आधीचा आकडा शेजारी ठेवा. खोली हवी असेल तर पुढच्या भागाचा ओसीटी (थरांचा उभा छेद दाखवणारा स्कॅन): एपिथेलियमखाली पांढरी पट्टी किती मायक्रॉन उतरली आहे ते थेट मोजता येतं. पुढे कधी ती खरवडायची वेळ आली तर हाच आकडा कामाचा.

आता नंबर. हेझ असलेल्या डोळ्यात ऑटोरिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे आपोआप नंबर काढणाऱ्या यंत्रावर, विसंबू नये, दर वेळी वेगळं सांगतो. आणि ६/६ वाचलं म्हणून "तुमचं काही नाही" म्हणू नये. तक्ता काळ्या ठळक अक्षरांचा असतो. हेझने मार खातो तो कॉन्ट्रास्ट: संध्याकाळी गाडी चालवताना, समोरच्या हेडलाईटमध्ये, पावसात.

एक स्वस्त चाचणी विसरली जाते. नंबर लावूनही नजर सुधारत नसेल तर डोळ्यात सुटेबल कडक लेन्स, आरजीपी, घालून परत वाचायला लावा. सुधारली तर दोष पृष्ठभागाच्या उंचसखलपणाचा. नाही सुधारली तर डागच आड येतोय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मंदाकिनी०७

ओटीच्या बाजूने मायटोमायसिन-सीबद्दल लिहिते. हेझ टाळण्याचं मुख्य हत्यार तेच, आणि चूक झाली तर सर्वांत महाग पडणारंही तेच.

लागतं ते ०.०२ टक्के, म्हणजे मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम. २ मिलिग्रॅमची कुपी घेतली तर त्यात १० मिलिलिटर इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी. कुपी १० मिलिग्रॅमची असेल तर त्याच प्रमाणाला ५० मिलिलिटर लागतात, आणि घोटाळा इथेच होतो. हातात २ ची कुपी समजून १० च्या कुपीत १० मिलिलिटर घातले की द्रावण पाचपट तीव्र. त्याने एंडोथेलियम, म्हणजे कॉर्नियाचा सर्वांत आतला थर, जळू शकतं आणि ते परत उगवत नाही. दोन माणसांनी मोठ्याने वाचून लेबल तपासायचं, सिरिंजवर प्रमाण आणि वेळ लिहायची. द्रावण जांभळट निळं दिसतं, पण रंगावरून तीव्रता कळत नाही, तो भरवसा नको. त्याच दिवशी ताजं बनवायचं.

लावताना ६ ते ७ मिलिमीटरची गोल स्पंज चकती द्रावणात भिजवून दाबून घ्यायची, थेंब गळता कामा नये. ती घासलेल्या भागावरच ठेवायची. लिंबसला स्पर्श नको, एपिथेलियमच्या मूळ पेशी तिथे असतात. घड्याळ एकाने हातात घ्यायचं. वेळ संपताच चकती उचलून थंड बीएसएसने (डोळा धुवायच्या क्षारद्रावणाने) निदान ३० मिलिलिटर धुवायचं, पापण्यांच्या आतल्या खाचेसकट. मग बँडेज लेन्स. चकती, सिरिंज, हातमोजे पिवळ्या पिशवीत, सायटोटॉक्सिक लेबल लावून. हे कॅन्सरचं औषध आहे, साध्या कचऱ्यात नाही.

जुना_रिफ्रॅक्टिव्ह

मंदाकिनीताई, मुद्देसूद. पण वेळ किती, हे लिहिलं नाहीत. हल्ली कित्येक ठिकाणी प्रत्येक पीआरकेला सरसकट लावतात. मला ते पटत नाही. −१.५ नंबरला डीएनए बांधणारं औषध कशासाठी? किती मायक्रॉन जाणार हे आधी कळतं की! मनर्लिनचं ढोबळ सूत्र: व्यासाचा वर्ग गुणिले डायऑप्टर (म्हणजे नंबर), भागिले ३. ६ मिलिमीटरच्या व्यासाला दर डायऑप्टरला १२ मायक्रॉन. −२ ला २४ झाले. एवढ्याला हेझ क्वचितच येतो. −६ ला ७२, आणि व्यास ६.५ घेतला तर ८४ च्या पुढे. तिथे जरूर लावा.

मंदाकिनी०७

वेळ सर्जन ठरवतात म्हणून लिहिली नव्हती. साधारण कमी खोलीला १२ ते २० सेकंद, जास्त खोलीला ३० ते ६०. मुरलेला हेझ खरवडल्यावर २ मिनिटं.

पारपटल

जुनेजाणते, तुमचा हिशेब बरोबर, पण निष्कर्षावर माझं दुमत. खोली हा एकच धोका नाही. प्लस नंबर किंवा मोठा सिलिंडर, आधीच्या फ्लॅपवर केलेली पीआरके, एपिथेलियम बंद व्हायला पाचाहून जास्त दिवस लागणं, भर उन्हातलं काम: यातलं काही असेल तर ५० मायक्रॉनलाही मी १२ सेकंद लावण्याच्या बाजूचा आहे. नुसता −२, घरात बसून काम, तर तुमचं म्हणणं मान्य.

मायटोमायसिन लावलं की भरण्याची प्रतिक्रिया मंद होते, म्हणून तोच लेसर थोडा जास्त परिणाम देतो. त्यामुळे बरेच जण मायनसची रक्कम १० टक्क्यांच्या आसपास कमी करतात. हे विसरलं तर चाळिशीचा पेशंट +०.७५ वर जाऊन बसतो आणि जवळचं वाचता येत नाही म्हणून वैतागतो.

कुतूहल

ऊन हा मुद्दा खरा की नुसती काळजी?

पारपटल

खरा. अतिनील किरणांनी भरत आलेल्या स्ट्रोमाला दुसरी जखम होते आणि उशिराचा हेझ उफाळतो. दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत उलट फेकतो, कोरडी वाळू १५ च्या आसपास, समुद्राचा फेस २५. थोडक्यात, डिसेंबरात पीआरके करून मे महिन्यात हिमालयात ट्रेकला जाणारे पुण्या-मुंबईचे लोक नेमके हेझ सर्वांत जास्त असण्याच्या महिन्यांत बर्फावर असतात. आखातात साइटवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू. निदान सहा महिने, खोल लेसर असेल तर वर्षभर, यूव्ही४०० चा बाजूंनी झाकणारा गॉगल आणि टोपी. रस्त्यावरचा नुसता काळा गॉगल उलट वाईट: अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि गाळणी तर नसतेच.

औषधीविद्या

थेंबांबद्दल, कारण केमिस्टकडे चिठ्ठीविना काय जातं ते रोज दिसतं.

पीआरकेनंतरची ठरलेली रीत: फ्लुओरोमेथोलोन ०.१ टक्के किंवा लोटेप्रेडनॉल ०.५ टक्के, पहिला महिना दिवसातून ४ वेळा, दुसरा ३, तिसरा २, चौथा १. मायटोमायसिन लावलेल्या कमी नंबरात डॉक्टर हे लवकर आटोपतात. फ्लुओरोमेथोलोन आणि प्रेडनिसोलोन ॲसिटेट हे निलंबन आहे, औषध तळाशी बसतं. बाटली न हलवता घातली की सुरुवातीचे आठवडे नुसतं पाणी डोळ्यात जातं आणि शेवटी तळाचा गाळ. "थेंब घालूनही हेझ आला" यामागे कधीकधी एवढंच असतं. दोन औषधांत ५ मिनिटांचं अंतर, थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा.

मॉक्सिफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोनची जोडबाटली पहिल्या आठवड्यापुरती असते. लोक तीच "डोळ्याला गार वाटतं" म्हणून तीन महिने चालवतात. डेक्सामेथासोन डोळ्यातला दाब चढवण्यात फ्लुओरोमेथोलोनच्या कितीतरी पुढे आहे. साधारण दर वीस माणसांत एकाचा दाब स्टेरॉईडने जोरात चढतो, आणि आणखी तिघांत एकाचा मध्यम. दुखत नाही, लाल होत नाही. कळतं तेव्हा नस गेलेली असते. हेझ बरा होतो, काचबिंदूने गेलेली नजर येत नाही.

जुना_रिफ्रॅक्टिव्ह

+१. आणि लेसरनंतर दाबाचा आकडाच खोटा येतो. कॉर्निया पातळ झालेला असतो, टोनोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. १६ वाचलं तर खूश होऊ नका, लेसरआधीच्या आकड्याशी ताडून बघा.

यावरूनच लॅसिकमधला सापळा. पहिल्या ते पाचव्या दिवसात फ्लॅपखाली वाळूसारखे बारीक पांढरे कण, कडेकडून मध्याकडे सरकणारे, ही डीएलके (डिफ्यूज लॅमेलर केरॅटायटिस). निर्जंतुक दाह आहे. प्रेडनिसोलोन १ टक्का तासाला एक थेंब, रोज तपासणी. कण मध्यभागी गोळा होऊ लागले, म्हणजे तिसरी पायरी, की त्याच दिवशी फ्लॅप उचलून धुवायचा. चौथ्या पायरीला स्ट्रोमा वितळतो आणि प्लस नंबर उरतो.

पण हेच चित्र दहाव्या-पंधराव्या दिवशी किंवा महिन्याने दिसलं तर थांबा. स्टेरॉईडने दाब चढून फ्लॅपखाली पाणी साचलेलं असू शकतं. डीएलके समजून स्टेरॉईड वाढवलं की दाब आणखी चढतो, धुरकटपणा आणखी वाढतो, मग आणखी स्टेरॉईड. आणि टोनोमीटर मध्यभागी ८-१० दाखवतो, कारण तो पाण्याच्या गादीवर टेकलेला असतो. दाब फ्लॅपच्या बाहेर, कडेला मोजायचा, तिथे ३५ निघू शकतो. ओसीटीवर फ्लॅपखाली काळी फट दिसते. उपाय उलटा: स्टेरॉईड बंद, टिमोलोलसारखे दाब उतरवणारे थेंब चालू. काही दिवसांत कॉर्निया निवळतो.

तिसरा तोतया म्हणजे सेंट्रल टॉक्सिक केरॅटोपॅथी. तिसऱ्या ते नवव्या दिवसात मध्यभागी दाट पांढरेपणा, लाली नाही, पेशी नाहीत, नंबर प्लसकडे. स्टेरॉईडचा उपयोग नाही, फ्लॅप उचलून फायदा नाही. महिने जातात, पण निवळतो.

ऑप्टोम_सांगली

आणि जंतुसंसर्ग राहिला. दोन-तीन आठवड्यांनी फ्लॅपखाली एकाच जागी, कडा पुसट असलेला पांढरा ठिपका, सोबत दुखणं आणि लाली, तर हेझ नाही. ॲटिपिकल मायकोबॅक्टेरिया आणि नोकार्डिया असेच सावकाश येतात, आणि स्टेरॉईडखाली काही दिवस बरे झाल्याचा आव आणतात. फ्लॅप उचलून नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय औषध ठरवू नये. हेझ दुखत नाही, एवढं पेशंटने लक्षात ठेवलं तरी पुरे. दुखलं की त्याच दिवशी दवाखाना.

कुतूहल

व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांबद्दल बरंच वाचायला मिळतं. ५०० मिलिग्रॅम दोनदा वगैरे.

औषधीविद्या

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधीपासून नंतर काही आठवडे, असं देतात. पुरावा मायटोमायसिनच्या पासंगालाही पुरत नाही. मुतखड्याचा इतिहास नसेल तर नुकसान नाही. त्याच्या भरवशावर गॉगल सोडू नका.

पारपटल

मुरलेल्या हेझवर काय करायचं ते लिहून माझ्याकडून पुरं करतो.

उशिराचा हेझ दिसला की आधी स्टेरॉईड परत, सहसा प्रेडनिसोलोन १ टक्का दिवसातून ४ ते ६ वेळा काही आठवडे, दर खेपेस दाब बघून. ताजा असेल तर विरतो आणि परत आलेला मायनसही उतरतो. इथेच घाईची चूक होते: −१.२५ परत आला म्हणून त्यावर लेसरचा दुसरा हात मारतात. तो नंबर हेझने भरलेल्या मालाचा आहे. माल गेला की नंबर जातो, आणि वरून मारलेला लेसर डोळ्याला प्लसमध्ये ढकलतो. शिवाय कोवळ्या हेझवरचा लेसर आणखी दाट हेझ आणतो.

वर्षभरात विरला नाही आणि नजर अडतेय, तर काढायचा. एपिथेलियम दूर करून बोथट पात्याने खरवडतात. वरचा चट्टा पापुद्र्यासारखा सुटून आला तर उत्तमच. उरलेलं पीटीकेने, म्हणजे चट्टा घासणाऱ्या लेसरने. पृष्ठभागाच्या खळग्यांत मिथाइलसेल्युलोज भरून लेसर मारतात, म्हणजे उंचवटे आधी घासले जातात. पूर्ण स्वच्छ करण्याचा हट्ट नको, थोडा करडेपणा ठेवून थांबावं. जितकं खोल तितका कॉर्निया मध्ये सपाट, तितका प्लस. त्यानंतर मायटोमायसिन ०.०२ टक्के २ मिनिटं, भरपूर धुणं, बँडेज लेन्स, आणि पुन्हा काही महिन्यांचं स्टेरॉईड. नंबराचा विचार तीन ते सहा महिन्यांनी, स्थिर झाल्यावर. पृष्ठभाग ओबडधोबड राहिला तर स्क्लेरल लेन्सने बरंच साधतं. कॉर्निया बदलण्याची पाळी फारच थोड्यांवर येते.

कुतूहल

दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे दाखवायचं झालं तर सोबत काय न्यावं?

ऑप्टोम_सांगली

लेसरआधीचा नंबर, टोपोग्राफी (कॉर्नियाच्या पृष्ठभागाचा नकाशा), कॉर्नियाची जाडी, डोळ्याचा दाब. लेसरच्या दिवशीचा छापील कागद, त्यात किती मायक्रॉन घासले आणि किती व्यासात ते असतं. मायटोमायसिन लावलं का, किती सेकंद. फ्लॅप असेल तर किती मायक्रॉनचा. आतापर्यंतच्या थेंबांच्या चिठ्ठ्या तारखांसह, रिकामी बाटलीसुद्धा चालेल. डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या, नंतर मिळायला अवघड जातं. लेसरआधीच्या के-रीडिंगचा (कॉर्नियाच्या गोलाईच्या मापाचा) कागद तर जपूनच ठेवा. तीस वर्षांनी मोतीबिंदूच्या भिंगाची पॉवर काढताना नेहमीची सूत्रं अशा डोळ्यात चुकतात, तेव्हा तो मागतील.

मंदाकिनी०७

कागद थर्मल प्रिंटचा असेल तर आधी फोटो काढा, काही वर्षांत कोरा होतो.